ठरलेला निकाल, खरा घाव

सन २०२४ च्या सप्टेंबर महिन्यांत नेटफ्लिक्सवर पांच भागांची एक जपानी मालिका प्रसिद्ध झाली. इंग्रजींत तिचें नांव 'दि क्वीन ऑफ व्हिलन्स'. विषय, १९८० नंतरच्या दशकांत जपानभर गाजलेल्या डंप मात्सुमोतो नामक कुस्तीगीर बाईचें चरित्र. आमच्या परिचयाच्या कांहीं घरांतून ही मालिका पाहिली गेली, आणि तिजविषयीं दोन आक्षेप आमच्या कानांवर आले. पहिला असा कीं, ही सगळी नुरा कुस्ती. कोण जिंकणार हें आधींच ठरलेलें. मग त्यांत पाहावयाचें काय? दुसरा असा कीं, बायकांनीं एकमेकींस रक्तबंबाळ करावें आणि लोकांनीं तिकीट काढून तें पाहावें हा शुद्ध रानटीपणा होय. दोन्ही आक्षेप एकाच गृहस्थांनीं एकाच बैठकींत घेतले, हें विशेष. लढाई लटकी असेल तर रक्त कोठून आलें? आणि रक्त खरें असेल तर लढाई लटकी कशी? ह्या प्रश्नाचा उलगडा करूं गेल्यास आपण नकळत साहित्यशास्त्राच्या एका जुन्या वादांत येऊन पोंचतों; म्हणूनच ह्या मासिकाच्या वाचकांपुढें हा विषय मांडण्याचें धाडस आम्ही करीत आहों.

प्रथम 'नुरा' ह्या शब्दाविषयीं. आपल्या तालमींत ती शिवी आहे, आणि ती योग्यच आहे. मातींतली कुस्ती प्रेक्षकापुढें एकच प्रश्न टाकते: दोघांत वरचढ कोण? ह्या प्रश्नाचें उत्तर ज्यांनीं आधींच आपसांत ठरविलें, त्यांनीं प्रेक्षकास फसविलें. पण जपानांतील व्यावसायिक कुस्ती हा प्रश्न मुळीं विचारीतच नाहीं. तिचा प्रश्न निराळा आहे: समोरचीनें काय सोसलें, आणि तें कसें सोसलें? निकाल ठरलेला असतो ही गोष्ट तेथील जाणत्या प्रेक्षकास ठाऊक असते. 'शाकुंतला'च्या सातव्या अंकांत राजाची व शकुंतलेची भेट होणार हें जसें आपणांस ठाऊक असतें तसेंच. फसवणुकीचा आरोप येथें लागू पडत नाहीं.

जपानांत स्त्रियांच्या कुस्तीस चालना मिळाली ती १९५४ सालीं, मिल्ड्रेड बर्क ही अमेरिकन मल्ल आपल्या सहकारिणींसह तेथें दौऱ्यावर आली तेव्हां. पुढें १९६८ सालीं मात्सुनागा बंधूंनीं अखिल जपान महिला कुस्ती ही संस्था काढली, आणि २००५ सालीं ती बंद पडेपर्यंत ह्या कलेचा इतिहास म्हणजे बव्हंशीं ह्या एका संस्थेचा इतिहास होय. माध्यमिक शाळेंतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुली तींत दाखल होत. दारू, तंबाखू आणि पुरुष ह्या तिहींस बंदी. आणि वयाचीं पंचवीस वर्षें भरलीं कीं निवृत्ति. हा शेवटचा दंडक मालकांच्या सोयीचा होता, हें सांगावयास नकोच. १९७६ च्या सुमारास जॅकी सातो व माकी उएदा ह्या 'ब्यूटी पेअर' जोडीनें रिंगणांत गाणीं म्हणून शाळकरी मुलींस वेड लाविलें. १९७९ च्या फेब्रुवारींत त्याच जोडीला एकमेकींविरुद्ध उभें करण्यांत आलें. जी हरेल तिनें कुस्ती सोडावयाची. उएदा हरली आणि गेली. मालकांस प्रेक्षकांच्या अश्रूंची किंमत तेव्हांच कळली असावी.

येथें एक चमत्कारिक गोष्ट नमूद केली पाहिजे. ह्या संस्थेंतल्या कित्येक कुस्त्यांत, विशेषतः नवशिक्या मुलींच्या, शेवटचा खांदे टेकविण्याचा भाग खराखुरा असे. बाकीची लढत ठराविक वळणानें जाई, आणि अखेरीस एकीनें दुसरीस दाबून धरावयाचें व दुसरीनें सुटूं पाहावयाचें, ही झटापट मात्र अंगच्या बळावर. म्हणजे 'ठरलेला निकाल' हें म्हणणेंही सरसकट खरें नाहीं. ज्या मुलींची उमेदवारी अशा वातावरणांत झाली त्यांच्या हातांत पुढें ठरलेल्या कुस्तींतसुद्धां कांहीं खरेपणा उरला, तर त्यांत नवल कसलें?

ज्या कठोर, अंगावर तुटून पडणाऱ्या शैलीसाठीं जपानी स्त्रियांची कुस्ती जगभर ओळखली जाते, तिचा उगम आम्हांस १९८३ च्या जानेवारींतील एका कुस्तींत दिसतो. चिगुसा नागायो आणि लायनेस आसुका ह्या दोघी १९८० सालीं एकाच तुकडींत दाखल झालेल्या. आसुकाच्या अंगांत बळ होतें, पण ती नीरस म्हणून तिच्यावर ठपका. नागायोला लहानपणापासून कराटेची संवय, पण संस्थेंत तिला कोणी विचारीत नसे. त्या दिवशीं दोघींनीं शिकविलेलें वळण बाजूला ठेवून, ज्या लाथा व ज्या चपराका त्यांस येत होत्या त्या खऱ्या जोरानें एकमेकींवर चालविल्या. त्यांतून 'क्रश गॅल्स' ही जोडी जन्मास आली. रूपावर व गाण्यावर भाळलेल्या मुलींस प्रथमच असें कांहीं दिसलें कीं, जें त्यांच्या स्वतःच्या घुसमटीशीं जुळणारें होतें. त्यांच्याच वर्षाची तिसरी मुलगी कावरू मात्सुमोतो. तिला नायिकेचें रूप नव्हतें. तिनें तोंडास रंग फांसला, हातांत साखळी व काठी घेतली, आणि ती 'डंप' झाली.

२८ ऑगस्ट १९८५ च्या रात्रीं ओसाका येथील सभागृहांत नागायो व डंप ह्यांची गांठ पडली. अट अशी कीं, हरणारीचें मुंडण व्हावें. नागायो हरली. रक्तानें माखलेल्या कपाळाच्या ह्या मुलीचे केंस भर रिंगणांत यंत्रानें कापले गेले, आणि सभागृह भरून बसलेल्या शाळकरी मुली हंबरडा फोडून रडल्या. त्या रडण्याचें चित्रण आजही पाहावयास मिळतें. कोणत्याहि करुण नाटकाच्या प्रयोगास असें रडणें आम्हीं पाहिलेलें नाहीं.

साहित्यसम्राट न. चिं. केळकर ह्यांनीं १९२१ सालीं बडोद्याच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून 'सविकल्प समाधी'ची जी उपपत्ति मांडली ती मराठी वाचकांस सुपरिचित आहे. वाचक किंवा प्रेक्षक दुसऱ्याच्या भूमिकेशीं समरस होतो, पण आपले आपणपण सोडीत नाहीं. तो रामही होतो आणि खुर्चींत बसलेला गोविंदरावही राहतो. ह्या दुहेरी अवस्थेंत वाङ्मयाचा आनंद सांठविलेला आहे, असा तिचा आशय. ओसाकाच्या त्या मुलींत हा विकल्प उरला होता काय? आम्हांस वाटतें, नव्हता. गोविंदरावांस आपलेंपण राखतां येतें, कारण रंगभूमीवरील रामाला खरोखर वनवास घडत नाहीं, हें त्यांना पक्कें ठाऊक असतें. नागायोचे केंस मात्र खरोखरच जात होते. शंकुकानें नटास चित्रांतल्या घोड्याची उपमा दिली. तो घोडा म्हणावा तर खरा नव्हे, आणि नव्हे म्हणावें तर दिसतो घोडाच. पण चित्रांतला घोडा लाथ मारीत नाहीं. हा मारतो.

फ्रेंच टीकाकार रोलाँ बार्त ह्यानें १९५७ च्या आपल्या निबंधसंग्रहांत अगदीं पहिला निबंध कुस्तीच्या खेळावर लिहिला आहे. त्याचें म्हणणें असें कीं, ही स्पर्धा नसून तमाशा आहे. प्रेक्षकास खऱ्या वेदनेशीं कर्तव्य नसतें, वेदनेच्या स्पष्ट, मोठ्या, दूरवरून दिसणाऱ्या चिन्हाशीं असतें. पॅरिसच्या दिवाणखान्यांविषयीं तें खरें असेल. बार्तची बुद्धि तीक्ष्ण आहे आणि तो निबंध अजूनही वाचनीय आहे. पण जपानांतील ह्या बायकांपुढें त्याची उपपत्ति लंगडी पडते. येथें वेदनेचें चिन्ह वेदनाच असतें. कान्साई हिची लाथ छातीवर बसल्याचा आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जातो, आणि दुसऱ्या दिवशीं तेथें वळ उमटलेला असतो. असें असतांना हा तमाशा व रस्त्यावरील मारामारी ह्यांत भेद कोणता?

भेद आहे, आणि तो घाव देणारीच्या ठिकाणीं नसून घाव घेणारीच्या ठिकाणीं आहे. नव्या मुलीस तालमींत पहिले कित्येक महिने मारावयास शिकवीतच नाहींत, पडावयास शिकवितात. हनुवटी छातीशीं घट्ट, पाठ सपाट, आणि जमिनीस अंग लागतांक्षणीं दोन्ही हात आपटून धक्का पसरविणें: हें हजारों वेळां. मग घाव घेणें. लाथ नडगीनें मारावयाची, ती छातीवर, पाठीवर, मांडीवर, जेथें मांस आहे तेथें. कोपराचा घाव हनुवटीच्या बाजूस, पण तोही हाताच्या मांसल भागानें. मारणारीनें नेम राखावयाचा, आणि घेणारीनें अंग चोरावयाचें नाहीं. अंग चोरलें तर घाव भलत्याच जागीं बसतो. म्हणून दोघी समोरासमोर उभ्या राहतात, एक मारते, दुसरी तें झेलून छाती पुढें करते, जणूं म्हणते, आणखी मार. मग आपली पाळी घेते. पाहणारास हें वैर दिसतें. वस्तुतः हा एक अत्यंत नाजूक करार आहे. एकीनें आपलें शरीर दुसरीच्या स्वाधीन केलें आहे, आणि दुसरी तें दुखवील पण मोडणार नाहीं ह्या विश्वासावर सारा खेळ उभा आहे. प्रेक्षकाचें आपणपण जें टिकतें तें घाव खोटा आहे ह्या ज्ञानावर टिकत नाहीं. हा करार शाबूत आहे ह्या विश्वासावर टिकतें. केळकरांच्या विकल्पाची जागा येथें ह्या विश्वासानें घेतली आहे, असें आमचें मत आहे.

ह्या दृष्टीनें १९९० नंतरच्या पांच-सात वर्षांकडे पाहावें. ह्या कलेचें हें सर्वांत समृद्ध युग. प्रेक्षकांतून शाळकरी मुली ओसरल्या होत्या, त्यांच्या जागीं पुरुष आले होते, आणि गाण्यांपेक्षां झुंजीस महत्त्व चढलें होतें. १४ नोव्हेंबर १९९० रोजीं योकोहामा येथें बुल नाकानो व अजा काँग ह्यांची पिंजऱ्यांतली लढत झाली. अजा काँग ही एका कृष्णवर्णी अमेरिकन सैनिकाची व जपानी आईची मुलगी. तिच्या उलट्या मुठीचा तडाखा ज्यानें एकदां पाहिला तो विसरणार नाहीं. शेवटीं नाकानो पिंजऱ्याच्या माथ्यावर चढली, क्षणभर दोन्ही हात जोडून उभी राहिली, आणि तेथून खालीं पडलेल्या काँगवर पाय टाकीत तिनें उडी घेतली. ते जोडलेले हात आम्हांस त्या उडीहून मोठे वाटतात. एवढी थोरली धिप्पाड बाई, निळ्या रंगानें ओठ रंगविलेली, आणि तिला भीति वाटली! ती भीति लपविण्याचा यत्न तिनें केला नाहीं. आणि भयानक व करुण हे दोन रस एका क्षणीं एकत्र आले.

अकिरा होकुतो हिची कथा ह्याहून उग्र आहे. १९८७ सालीं एका कुस्तींत तिच्या मानेचें हाड मोडलें, आणि तिनें दोन्ही हातांनीं आपलें डोकें सांवरून धरून ती कुस्ती पुरी केली. ह्या प्रसंगाचें कौतुक करणारे पुष्कळ आहेत. आम्हांस त्यांत सामील होतां येत नाहीं. ज्या संस्थेंत एकोणीस वर्षांच्या मुलीस अशा स्थितींत थांबविणारा कोणी वडीलधारा नव्हता, त्या संस्थेची ती लज्जास्पद गोष्ट होय. परंतु २ एप्रिल १९९३ ला योकोहामांत शिनोबु कांदोरीशीं झालेली तिची लढत मात्र थोर आहे, आणि ती निव्वळ रक्तामुळें नव्हे. कांदोरी ही जागतिक स्पर्धेंत पदक मिळविलेली ज्यूडोपटु. शिवाय १९८७ सालीं तिनें जॅकी सातोसारख्या ज्येष्ठ बाईशीं खेळतांना करार बाजूस सारून तिचा हात खरोखर पिरगाळला होता, हें सर्वांस ठाऊक. म्हणजे त्या रात्रीं होकुतोच्या समोर अशी स्त्री होती कीं जिच्यावर विश्वास टाकणें हाच मोठा धोका. अर्ध्या तासाच्या त्या झुंजीच्या अखेरीस सारे डावपेंच संपले आणि दोघी नुसत्या मुठींवर आल्या. होकुतो जिंकली, पण पाहणाराच्या ध्यानीं राहतें तें तिनें कांदोरीवर टाकलेल्या विश्वासाचें साहस.

मानामी तोयोता हिला अनेक रसिक ह्या सर्वांहून श्रेष्ठ मानतात. तिची चपळाई अलौकिक होती. १९९५ सालीं क्योको इनोउएशीं ती तब्बल साठ मिनिटें बरोबरींत खेळली. तरीहि आमचें मन तिच्या खेळांत पुरतें रमत नाहीं. उत्तरकालीन संस्कृत कवींप्रमाणें ती अलंकारावर अलंकार रचते. एका डावाचा परिणाम मनांत भिनण्यापूर्वींच दुसरा येऊन आदळतो. मोठा घाव बसल्यावर दोन क्षणांत ती उठून धांवूं लागली, तर तो घाव आम्हीं सोसावा तरी कसा? रसास विराम लागतो. हा विराम काँग जाणते, नाकानो जाणते, आणि सर्वांहून अधिक नागायो जाणत असे.

आतां ह्या कलेच्या सीमेविषयीं. २२ फेब्रुवारी २०१५ रोजीं तोक्योंतील कोराकुएन सभागृहांत 'स्टारडम' संस्थेच्या विजेतेपदासाठीं योशिको व आक्ट यासुकावा ह्यांची कुस्ती लागली. थोड्याच वेळांत योशिकोनें यासुकावाच्या तोंडावर मोकळ्या मुठी चालविल्या. चेहऱ्याचीं हाडें मोडलीं, आणि कुस्ती थांबवावी लागली. होकुतोच्या लढतींत सांडलेलें रक्त ह्याहून कमी नव्हतें. असें असतांहि येथें रसाचा लवलेश नाहीं. पाहणारास फक्त एक मुलगी दुसरीस मारतांना दिसते, आणि आपण येथें कां बसलों आहों असें त्यास वाटतें. करार मोडला, विश्वास गेला, आणि त्याबरोबर कलाही गेली. घाव तेवढा मागें राहिला. आमच्या म्हणण्याचा ह्याहून स्पष्ट पुरावा आम्हांस देतां येणार नाहीं.

परंतु इतक्यावर हें प्रकरण संपत नाहीं. १५ ऑगस्ट १९९७ रोजीं हिरोशिमांतील एका कुस्तींत प्लम मारिको ही मायुमी ओझाकीच्या डावांत आपटली व बेशुद्ध पडली. ती पुनः शुद्धीवर आली नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं निवर्तली. तिचें वय एकोणतीस. ओझाकी तिची जुनी सहकारिणी होती. त्या रात्रीं करार कोणीहि मोडला नव्हता, नेम चुकविला नव्हता, वैर तर नव्हतेंच. मारिकोच्या डोक्यास पूर्वींही इजा झाल्या होत्या. दोन वर्षांच्या आंत, १९९९ सालीं, एमिको कादो ही नवशिकी मुलगी रिंगणांतल्याच दुखापतीनें गेली. करारावर उभारलेली आमची उपपत्ति येथें मूक होते. दोन व्यक्तींनीं परस्परांवर टाकलेला विश्वास कितीहि पवित्र असला तरी तिसरा पक्ष त्या करारावर सही न करतां त्याची किंमत वाढवीत असतो, आणि तो पक्ष म्हणजे प्रेक्षक. १९९० नंतरच्या त्या वैभवाच्या वर्षांत निरनिराळ्या संस्था आपल्या बायका एकमेकींविरुद्ध उतरवूं लागल्या. कालचा डाव आज फिका वाटूं लागला. खांद्यावर पडणें पुरेना म्हणून मानेवर पडणें आलें. टाळ्या कोणत्या पडण्यास मिळाल्या हें त्या मुलींनीं ऐकलें होतें. आम्ही त्या लढतींचीं चित्रणें पाहून त्यांची वाखाणणी करतों तेव्हां त्या टाळ्यांत आमचाही हात मिसळतो, हें कबूल केल्यावांचून ह्या विषयावर लिहिण्याचा अधिकार कोणास पोंचत नाहीं.

मूळ मालिकेविषयीं दोन शब्द राहिले. नटींस तालीम देण्याचें काम स्वतः नागायोनें पाहिलें आहे, आणि तें जागोजाग दिसतें; पडणें तर फारच चांगलें वठलें आहे. युरियान रिट्रीव्हर ही विनोदी नटी डंपचें दैन्य आणि तिचा क्रोध दोन्ही समर्थपणें दाखविते. मालकांचा हिशेबीपणा मालिकाकर्त्यांनीं थोडा गोड करून वाढला आहे, ही आमची तक्रार. नागायोची भूमिका करणाऱ्या एरिका काराता हिनें मुंडणाच्या प्रसंगासाठीं आपले केंस खरोखर कापूं दिले. आणि तो प्रसंग इतर सर्व लढतींहून अंगावर येतो, हें आमच्या विवेचनाशीं जुळणारेंच आहे.

नागायोनें पुढें १९९५ सालीं स्वतःची संस्था काढली. तिच्या पहिल्याच प्रयोगांत पंधरा वर्षांची मेइको सातोमुरा ही ज्यूडो शिकलेली मुलगी प्रथम रिंगणांत उतरली. जपून मारणें आणि पूर्ण जोरानें मारणें ह्या दोन गोष्टी एकाच घावांत कशा साधाव्या, हें तिच्याइतकें आजवर कोणीं दाखविलें नसेल. २९ एप्रिल २०२५ रोजीं, पंचेचाळिसाव्या वर्षीं, तिनें कोराकुएन सभागृहांत शेवटची कुस्ती खेळली. समोरच्या जोडींत अजा काँग होती, वय चोपन्न. मात्सुनागा बंधूंच्या दंडकाप्रमाणें काँगबाईंनीं सातोमुरा पहिल्यानें उतरली त्याच वर्षीं घरीं बसावयास हवें होतें.